ट्रकच्या डिस्कला पावडर कोटिंग आणि नवे टायर: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

नाशिक परिसरातले ट्रकमालक, पिकअपवाले, द्राक्ष-टोमॅटोची वाहतूक करणारे शेतकरी आणि टायरच्या दुकानातले कारागीर पुन्हा पुन्हा जे प्रश्न पाठवतात, ते इथे एकत्र केले आहेत. आधी साधे प्रश्न, मग अडचणीचे. एकाच गोष्टीचा दोन ठिकाणी संबंध येतो तिथे प्रश्नाचा क्रमांक दिला आहे. डिस्क म्हणजे टायर ज्यावर बसतो ते धातूचं चाक. सगळे आकडे पोलादी डिस्कचे आहेत. अलॉय (ॲल्युमिनियमची) असेल तर आधी प्रश्न १२ वाचा.

१. पावडर कोटिंग आणि साधा स्प्रे पेंट यात फरक काय? ट्रकच्या चाकाला ते खरंच लागतं का?

पावडर कोटिंगमध्ये कोरडी पावडर विजेचा भार देऊन धातूवर चिकटवतात आणि मग भट्टीत वितळवून तिचा एकसंध थर करतात. हा थर साधारण ६० ते ८० मायक्रॉनचा असतो आणि खडी लागली तरी सहजासहजी टवका उडत नाही. गाडी न्हावा-शेव्याला खाऱ्या हवेत उभी राहत असेल, इगतपुरी-कसाऱ्याच्या पावसात रोज भिजत असेल किंवा खताची पोती वाहत असेल, तर खर्च वसूल होतो. युरिया आणि पोटॅशने डिस्क फार लवकर खाल्ली जाते. गाडी वर्ष-दोन वर्षांत विकायचीच असेल, तर डिस्क नीट घासून इपॉक्सी प्रायमर आणि वर इनॅमल पेंट मारला तरी चालतं.

२. टायर न काढता कोटिंग करून मिळेल का?

नाही. भट्टीत १८० ते २०० अंश सेल्सिअस तापमान असतं, तिथे रबर टिकत नाही आणि हवा भरलेला टायर फुटतो. टायर, ट्यूब, फ्लॅप (ट्यूब आणि डिस्क यांमधली रबरी पट्टी), व्हॉल्व्ह, बॅलन्सिंगची वजनं, सगळं काढून नुसती डिस्क द्यायची. टायरवर कागद लावून 'पावडरसारखा' पेंट मारून देणारे असतात. तो स्प्रे पेंटच असतो आणि त्याचा दर पेंटचाच असावा.

३. मग हे काम कधी काढावं?

नवे टायर घ्यायचे त्याच वेळी. टायर एरवीही निघणारच असतो, त्यामुळे काढण्या-घालण्याची मजुरी एकदाच लागते. शिवाय टायरखालचा भाग दिसण्याची संधी तेवढीच. द्राक्षाच्या गाड्यांना जानेवारी ते एप्रिल उसंत नसते, त्यांनी दिवाळीनंतरचे कोरडे दिवस साधावेत. जुलै-ऑगस्टमध्ये ब्लास्टिंग (ग्रिटचा, म्हणजे बारीक कठीण दाण्यांचा मारा करून गंज आणि पेंट काढणं) झालेल्या डिस्कवर दमट हवेने तासा-दोन तासांत तांबूस झाक चढते, तेव्हा काम अशक्य नसलं तरी कोटरला (कोटिंग करणाऱ्याला) घाई करावी लागते.

सहाचाकी गाडीच्या सहाही डिस्क एकदम दिल्या तर गाडी ठोकळ्यांवर अडकून पडते. स्टेपनीची डिस्क आणि एखादी जादा डिस्क हाताशी धरून दोन-दोन करत फिरवल्या, तर गाडी चालू राहते.

४. डिस्क कोटिंगला देण्याआधी आम्ही स्वतः काय तपासायचं?

या पानावरचा सर्वांत मोलाचा प्रश्न हा आहे. कोटिंग चढलं की बारीक तडा झाकला जातो आणि मग तो दिसतो तो थेट रस्त्यावर. म्हणून डिस्क आधी डिझेलने नाही, साबण किंवा डिग्रीजरने धुवा (डिझेल सांध्यात मुरतं), वायर ब्रशने घासा आणि उन्हात नेऊन पाहा:

– नटांच्या छिद्रांच्या कडा. एका छिद्राकडून दुसऱ्याकडे किंवा मधल्या मोठ्या भोकाकडे जाणारी केसासारखी रेघ म्हणजे तडा. बहुतेक तडे इथूनच सुरू होतात.
– छिद्रं गोल आहेत का. ढिल्या नटांवर चाललेल्या चाकाची छिद्रं लांबट होतात. अशी डिस्क भंगारात.
– हात घालायच्या खिडक्यांचे कोपरे, आणि मधली डिस्क रिमला (टायर बसतो त्या बाहेरच्या कड्याला) जोडलेल्या वेल्डिंगची पूर्ण गोल रेघ, दोन्ही बाजूंनी.
– टायर टेकतो ती जागा. गंजाचे पापुद्रे काढल्यावर खोल खड्डे उरले तर ट्यूबलेस टायर तिथे हवा धरणार नाही.
– रिमची कड वाकली आहे का. डिस्क हबवर (ॲक्सलच्या टोकाला चाक बसतं त्या भागावर) चढवून फिरवा आणि शेजारी खडू स्थिर धरा. खडू एकाच ठिकाणी लागला तर डिस्क डुलते आहे.

तड्याची शंका असेल तर डाय पेनिट्रंट तपासणी करून घ्या. लाल द्रव लावून पुसतात, वर पांढरा डेव्हलपर मारतात. तडा असेल तर लाल रेघ उमटते. नाशिकच्या अंबड आणि सातपूर औद्योगिक भागातल्या फॅब्रिकेशनवाल्यांकडे याचे स्प्रेचे डबे असतात. ब्लास्टिंगच्या आधी हे करा. ग्रिटच्या माऱ्याने तड्याचं तोंड दाबलं जातं आणि मग द्रव आत शिरत नाही.

५. तड्यावर वेल्डिंग मारून वरून कोटिंग करून देतो म्हणतात. चालेल?

चालणार नाही. वेल्डिंगच्या उष्णतेने तड्याच्या शेजारचं पोलाद ठिसूळ होतं आणि नवा तडा त्याला लागूनच जातो. खड्ड्यांत पुट्टी भरणंही तितकंच वाईट. साधी पुट्टी २०० अंशांना टिकत नाही, विजेचा भार घेत नाही म्हणून पावडरही धरत नाही, आणि वरून दोष लपवते. ज्या डिस्कला वेल्डिंग लागतं ती वापरातून बाद करायची.

६. सँडब्लास्टिंग चांगलं की सात टाकीची प्रोसेस?

सात टाकी म्हणजे तेल काढणं, धुणं, आम्लाने गंज काढणं, धुणं, फॉस्फेटिंग, पुन्हा धुणं आणि शेवटी पॅसिव्हेशन. पॅनेलच्या नव्या पत्र्याला ती उत्तम. पण जुन्या डिस्कवर पेंटचे तीन-चार थर आणि पापुद्र्याचा गंज असतो, तो टाक्यांत निघत नाही. दुसरी अडचण मोठी: डिस्क आणि रिम यांच्या सांध्यात आम्ल शिरून बसतं. भट्टीत किंवा दोन-तीन महिन्यांनी ते बाहेर येतं आणि त्या रेघेवर कोटिंगला फोड येतात.

म्हणून जुन्या डिस्कला आधी ग्रिट ब्लास्टिंग, एसए अडीच दर्जापर्यंत, म्हणजे पृष्ठभाग जवळजवळ पांढरट धातूचा दिसला पाहिजे. नंतर कोरड्या हवेने झटकून डिस्क पावडरच्या भट्टीच्या तापमानाला किंवा त्याच्या किंचित वर, म्हणजे २०० ते २२० अंशांच्या आसपास, अर्धा तास तापवून घ्यायची. सांध्यात मुरलेलं ग्रीस आणि ओल असेल तर ते पावडर मारण्याआधीच धूर होऊन निघून जातं. त्यानंतर डिस्कला उघडा हात लावायचा नाही. कोरड्या दिवसांत चार तासांत पावडर चढली पाहिजे, पावसाळ्यात त्याहून लवकर.

नदीची वाळू वापरून ब्लास्टिंग करणाऱ्याकडे काम देऊ नका. त्या धुळीने कारागिराची फुप्फुसं कायमची खराब होतात. पोलादी ग्रिटने काम चांगलं होतं आणि ते ग्रिट पुन्हा वापरता येतं.

७. कोणती पावडर मागायची? किती जाडी? एका डिस्कला किती पावडर लागते?

बाहेर उन्हात राहणाऱ्या वस्तूला शुद्ध पॉलिएस्टर पावडर. इपॉक्सी गंजाला उत्तम अडवते, पण उन्हाने पांढुरकी पडून तिची भुकटी हाताला लागते. सर्वांत टिकाऊ जोडी म्हणजे खाली झिंकयुक्त इपॉक्सी प्रायमर पावडर आणि वर पॉलिएस्टर. मग एकूण जाडी १०० ते १२० मायक्रॉनपर्यंत जाते. पैसे कमी असतील तर पॉलिएस्टरचा एकच थर, पण ब्लास्टिंगमध्ये काटकसर नको. 'हायब्रिड' पावडर स्वस्त असते आणि ती घरातल्या कपाटांसाठी असते.

लागणाऱ्या पावडरचा हिशेब सोपा आहे. २२.५ इंची डिस्कचं दोन्ही बाजूंचं क्षेत्रफळ ढोबळमानाने दीड चौरस मीटर. ७० मायक्रॉनच्या थराला चौरस मीटरमागे साधारण १०५ ग्रॅम पावडर. उडून वाया जाणारी धरून एका डिस्कला २०० ते २५० ग्रॅम. कोटर किलोभर पावडर लागते म्हणाला तर हा हिशेब समोर ठेवा.

एक जागा नेहमी पातळ राहते: डिस्क आणि रिम मिळतात तो आतला कोपरा. विजेचा भार कोपऱ्यात पावडर जाऊ देत नाही, ती कडांवरच चिकटते. गनचं व्होल्टेज आणि हवा कमी करून आधी तो कोपरा भरायचा आणि मग बाकीचा भाग मारायचा, असं कोटरला आधीच सांगा. गंजाची सुरुवात तिथेच होते.

८. सातपूरला पॅनेलचं कोटिंग करणारे भरपूर आहेत. त्यांच्याकडे ट्रकची डिस्क दिली तर चालेल का?

चालेल, पण भट्टीच्या वेळेबद्दल आधी बोलून घ्या. पॅनेलचा पत्रा दीड-दोन मिलिमीटरचा असतो, तो काही मिनिटांत तापतो. ट्रकची डिस्क ३५ ते ४० किलोची, आणि नटांच्या भागात जाडी दहा मिलिमीटरच्या वर. पावडरच्या माहितीपत्रकात '२०० अंशांना १० मिनिटं' किंवा '१८० अंशांना १५ मिनिटं' असं जे लिहिलेलं असतं, ती वेळ धातू त्या तापमानाला पोचल्यापासून मोजायची असते. भट्टीच्या काट्यावर २०० दिसले तेव्हा डिस्कचा मधला भाग अजून बराच खाली असतो. तो भाग वर यायलाच वीस ते तीस मिनिटं जाऊ शकतात, त्यापुढे पावडरची दहा मिनिटं. पॅनेलच्या हिशेबाने काढलेली डिस्क दिसायला चकचकीत असते, पण थर कच्चा राहतो आणि पहिल्याच खडीने नटाजवळून सुटतो.

पहिल्या डिस्कच्या जाड भागाला थर्मोकपल (धातूचं तापमान मोजणारी तार) लावून वेळ ठरवून घ्यायची आणि पुढच्या तशाच काढायच्या. भट्टीत एकदम किती डिस्क टांगल्या यावरही वेळ बदलते. भट्टीची दाराची उंची आणि कन्व्हेअरच्या हुकाची वजन पेलायची ताकद तेवढी पाहून घ्या.

डिस्क टांगताना हुक नटाच्या छिद्रातून घालावा. ती जागा उघडीच राहणार असते (प्रश्न ९), त्यामुळे हुकाचा डाग कुठे दिसत नाही आणि अर्थिंगही पक्कं मिळतं.

९. नट बसतात त्या जागेवर आणि हबला टेकणाऱ्या भागावर कोटिंग करायचं का?

नाही. कोटिंग केलेलं चाक ढिलं होण्याचं मुख्य कारण हेच आहे, म्हणून थोडं सविस्तर.

चाक धरून ठेवतं ते नटाचं दाबणं. नट आवळला की स्टड (नट ज्यावर बसतो तो हबचा बोल्ट) किंचित ताणला जातो आणि त्या ताणाने डिस्क हबवर दाबून राहते. हा ताण मिलिमीटरचा एखादा-दुसरा दशांश एवढाच असतो. आता मागच्या जोडचाकांचा हिशेब करा. आतल्या डिस्कचा ड्रमला टेकणारा भाग हा एक थर, दोन डिस्क एकमेकींना टेकतात तिथे दोन थर, बाहेरच्या डिस्कवर नटाखाली चौथा. प्रत्येकी ८० मायक्रॉन धरले तर ३२० मायक्रॉन, म्हणजे मिलिमीटरचा तिसरा हिस्सा नुसतं प्लास्टिक. घाटात ड्रम तापला की हा थर मऊ होतो, दाबाखाली पसरतो, आणि जेवढा तो पातळ होतो तेवढा स्टडचा ताण उतरतो. नट कोणी सोडवलेला नसतो, तरी तो ढिला झालेला असतो. मग छिद्रं लांबट होतात आणि स्टड तुटायला लागतात.

म्हणून कोटरला डिस्क देताना खडूने खुणा करून सांगा: हब आणि शेजारची डिस्क टेकते तो सपाट गोल भाग दोन्ही बाजूंनी, सगळी नटांची छिद्रं आणि त्यांच्या निमुळत्या बैठका, मधलं मोठं भोक, आणि व्हॉल्व्हचं छिद्र. छिद्रांना सिलिकॉनचे बूच, सपाट भागाला उष्णता सोसणारी हिरवी पॉलिएस्टर टेप. साधी कागदी टेप भट्टीत जळून चिकटते. हे झाकणं (मास्किंग) विसरलं गेलं असेल तर तेवढा भाग घासून धातू मोकळा करून घ्या, ग्राइंडरने नाही, वायर व्हीलने. ग्राइंडरने सपाटी बिघडते.

उघड्या भागाला हलका गंज येईल, तो चालतो. तिथे ग्रीस किंवा ऑइल लावू नका.

१०. आमची जुनी गाडी आहे, १०.००-२० चे ट्यूबवाले टायर आणि रिंगवाल्या डिस्क. रिंगही कोट करायची का?

रिंगला (टायर डिस्कवर अडवून धरणाऱ्या सुट्या लोखंडी कड्याला) पातळ कोटिंग चालतं, पण रिंग ज्या खाचेत बसते ती खाच आणि रिंगची तिथे बसणारी कड यांवर फक्त प्रायमरचा हलका हात असावा. जाड थर किंवा ओघळ राहिला तर रिंग बसल्यासारखी दिसते आणि हवा भरताना उडते. रिंग उडून जीव गेल्याच्या घटना घडलेल्या आहेत, म्हणून इथे तडजोड नको.

देताना प्रत्येक डिस्क आणि तिची रिंग तारेने एकत्र बांधून ॲल्युमिनियमचा क्रमांकाचा बिल्ला लावा. एका कंपनीच्या डिस्कला दुसऱ्या कंपनीची रिंग वरवर बसते, पण खाचेचा आकार वेगळा असतो. वाकलेली, तडकलेली किंवा ठोकून सरळ केलेली रिंग बाद.

११. रंग कोणता चांगला?

चंदेरी. आरएएल ९००६ ही छटा सगळीकडे मिळते. काळा रंग छान दिसतो, पण फिकट रंगावर तड्याची रेघ आणि नटाभोवतीचे गंजाचे ओघळ लगेच नजरेस पडतात (प्रश्न २०). मालवाहू गाडीला हा फायदा दिसण्यापेक्षा मोठा आहे.

१२. अलॉय डिस्कचं कोटिंग करता येतं का?

डिस्क बनवणाऱ्या कंपनीची लेखी परवानगी असल्याशिवाय करू नका. ॲल्युमिनियमची ताकद उष्णतेच्या ठरावीक प्रक्रियेतून आलेली असते आणि पावडरच्या भट्टीचं तापमान त्याच टप्प्यात येतं. भट्टीत जास्त वेळ राहिली तर डिस्क मऊ पडू शकते, आणि बाहेरून काही कळत नाही. पोलादी डिस्कला २०० अंशांनी काहीही होत नाही. पिकअपच्या ओतीव अलॉयला आणखी एक त्रास: धातूतली हवा तापल्यावर बाहेर येऊन कोटिंगवर सुईच्या टोकाएवढी भोकं पडतात.

१३. डिस्क ताब्यात घेताना काम नीट झालंय हे कसं ओळखायचं?

जाडी मोजायचा मीटर प्रत्येक चांगल्या कोटरकडे असतो. तुमच्यासमोर पाच-सहा ठिकाणी लावायला सांगा, आतल्या कोपऱ्यातही. मग चिंधी एमईके (एक तीव्र सॉल्व्हंट) किंवा चांगल्या थिनरमध्ये भिजवून एका कोपऱ्यात वीस-तीस वेळा घासा. चिंधीला किंचित रंग आला तर ठीक. चमक गेली, चिकट लागलं किंवा नख रुतलं तर थर कच्चा आहे. अशी डिस्क पुन्हा भट्टीत घालून पूर्ण भाजता येते, ताबडतोब परत द्या. शेवटी मास्किंगची जागा बोटाने तपासा.

१४. कोटिंग झाल्यावर टायर किती दिवसांनी बसवायचा?

डिस्क पूर्ण थंड झाली की लगेच. पेंटसारखे आठ-दहा दिवस थांबायची गरज नाही. मात्र कोमट डिस्कवर टॉमी (टायर चढवायची लोखंडी पट्टी) लावू नका.

१५. नवा टायर घेताना काय पाहायचं? ट्यूब आणि फ्लॅप जुने चालतील का?

टायरच्या बाजूवर लंबगोलात चार आकडे असतात: पहिले दोन आठवड्याचे, पुढचे दोन वर्षाचे. २३२५ म्हणजे २०२५ सालातला तेविसावा आठवडा. आयएसआय खूण हवीच. व्यापारी वाहनांच्या टायरचं मानक आयएस १५६३६ आहे. साइज आरसीवर मंजूर आहे तीच, आणि डिस्कच्या रुंदीशी जुळणारी: १०.०० आर २० ला ७.५ इंची रिम, २९५/८० आर २२.५ ला ९.०० किंवा ८.२५ इंची. एकाच ॲक्सलवर नायलॉन आणि रेडियल मिसळू नका. बिलावर टायरचा सिरीयल नंबर लिहून घ्या, नाहीतर पुढे क्लेमच्या वेळी अडतं.

जुना टायर कधी काढायचा, हेही विचारलं जातं. कायद्याने मोठ्या वाहनाला किमान १.६ मिमी नक्षी हवी. पण केसिंगवर (टायरच्या सांगाड्यावर) पुढे नवं रबर चढवायचं, म्हणजे रिमोल्ड करायचं असेल तर त्याच्या बरंच आधी काढा. तार दिसेपर्यंत चालवलेलं केसिंग रिमोल्डवाला घेत नाही.

नव्या टायरला ट्यूब आणि फ्लॅप नवेच. वापरलेली ट्यूब ताणून मोठी झालेली असते, नव्या टायरात तिला घडी पडते आणि घडीवर ती फाटते. रेडियल टायरला रेडियलचीच ट्यूब. ट्यूबलेसला नवा व्हॉल्व्ह.

१६. टायर चढवताना कोटिंग खरवडलं जातं. उपाय काय?

टायर चढवायचं वंगण, म्हणजे साबणाची पेस्ट, टायरच्या दोन्ही कडांना आणि रिमला सढळ हाताने लावा. ग्रीस, ऑइल, डिझेल कधीही नाही. रबर फुगतं आणि टायर रिमवर फिरतो. ट्यूबलेस डिस्कचा खोलगट भाग ज्या कडेला जवळ असतो त्याच बाजूने टायर चढवायचा. उलट बाजूने चढवला की कारागीर टॉमीवर सगळं वजन टाकतो आणि कोटिंगसकट टायरची कडही फाटते. टॉमीखाली नायलॉनची टोपी किंवा जुन्या ट्यूबची पट्टी घ्या. तरीही ओरखडा पडला तर त्याच दिवशी दोन घटकांच्या पीयू पेंटचा हात द्या. पावडर कोटिंगखाली एकदा पाणी शिरलं की ते पापुद्र्याने सुटत जातं.

१७. हवा भरताना काय काळजी घ्यायची?

पिंजऱ्यातच भरायची. पिंजरा नसलेल्या ठिकाणी रिंगवाल्या टायरात हवा भरून घेऊ नका. पाइप लांब असावा, तोंडाला स्वतः धरून राहणारी क्लिप असावी, आणि माणूस टायरच्या समोर नाही तर नक्षीच्या बाजूला, लांब उभा असावा. रिंगवाल्या टायरात आधी १०-१५ पीएसआय भरून थांबा, रिंग सगळीकडून खाचेत बसली का ते पाहा. नसेल बसली तर पूर्ण हवा सोडून पुन्हा सुरुवात. हवा असलेल्या रिंगवर हातोडा मारायचा नाही, हलकासुद्धा.

तसंच चाक उतरवताना. नट सोडण्याआधी व्हॉल्व्हची पिन काढून हवा पूर्ण सोडा. जोडचाकं असतील तर दोन्ही टायरांची. आतली डिस्क तडकलेली असेल तर तिला फक्त बाहेरच्या डिस्कने दाबून धरलेलं असू शकतं.

आणि ठरलेल्या हवेच्या ८० टक्क्यांखाली चाललेला टायर (११० पीएसआयचा टायर ८८ च्या खाली) उतरवून आतून तपासल्याशिवाय पुन्हा भरू नका. अशा टायरच्या बाजूच्या तारा तुटलेल्या असतात आणि भरताना तो चेन उघडावी तसा फाटतो.

किती हवा, हे गाडीच्या पुस्तकातल्या लोडच्या तक्त्यावरून ठरतं. सकाळी गाडी थंड असताना मोजा. कसारा उतरून आल्यावर काटा जास्त दाखवतो म्हणून हवा सोडू नका.

१८. मागे जोडीत एक नवा आणि एक जुना टायर चालेल का?

दोघांच्या व्यासात ६ मिमीपेक्षा जास्त फरक नसेल तर. फरक जास्त असला की मोठा टायर सगळं वजन घेतो आणि छोटा रस्त्यावर घसटत झिजतो. थोडा लहान असलेला आत घाला. जोडीतले दोन व्हॉल्व्ह समोरासमोरच्या खिडक्यांत आले पाहिजेत, नाहीतर आतल्या टायरची हवा कोणी पाहत नाही. नवे टायर पुढच्या ॲक्सलला. रिमोल्ड पुढे नको. आणि पुढचे बदलले की अलाइनमेंट करून घ्या.

१९. नट किती आवळायचे? पुन्हा कधी पाहायचे?

आकडा गाडीच्या पुस्तकातला. दीड मिमी आट्याच्या एम-२२ स्टडला मोठ्या ट्रकांवर तो बहुधा ६०० न्यूटन मीटरच्या आसपास असतो, म्हणजे एक मीटरच्या दांड्यावर ६० किलोचा दाब. पान्याला पाइप लावून त्यावर उभं राहिलं तर याच्या दीडपट-दुप्पट सहज होतं आणि स्टड कायमचा ताणला जातो. पिकअपचा आकडा यापेक्षा खूपच कमी आहे.

आधी हबचा टेकणारा भाग वायर ब्रशने स्वच्छ करा. नट हाताने बसवा, समोरासमोरचे थोडे थोडे आवळत जा, शेवटचा हात टॉर्क पान्याने. एअर गनने शेवटपर्यंत आवळू देऊ नका. काही जुन्या गाड्यांच्या डाव्या बाजूचे आटे उलटे असतात. स्टडच्या टोकावरची खूण पाहा.

५० ते १०० किलोमीटरनंतर पुन्हा टॉर्क तपासणं सक्तीचं माना. मुंबईकडे निघालात तर घोटी-इगतपुरीला थांबून, घाट उतरण्याआधी. धुळ्याकडे असाल तर चांदवडला, राहुड घाटाच्या अलीकडे. एकदा तपासून नट फिरले असतील, तर तेवढ्याच अंतराने पुन्हा एकदा.

२०. नव्या कोटिंगवर नटापासून बाहेर जाणारे तांबूस ओघळ दिसतात. कोटिंग खराब आहे का?

बहुधा नट ढिला आहे. डिस्क आणि नट एकमेकांवर घासून निघालेली लोखंडाची भुकटी पावसाच्या पाण्याबरोबर बाहेर फेकली जाते. गाडी तिथेच थांबवून सगळे नट तपासा, आणि मग चाक काढून प्रश्न ९ मधल्या जागांवर कोटिंग शिल्लक आहे का ते पाहा.

फक्त मधला भाग पिवळट-तपकिरी पडला असेल आणि तो एकाच चाकाचा असेल, तर त्या चाकाचा ब्रेक चिकटतोय.

२१. कोटिंगनंतर ट्यूबलेस टायरची हवा हळूहळू उतरते. का?

चाकाला साबणाचं पाणी लावा. बुडबुडे कडेने आले तर टायर टेकतो त्या जागी कोटिंगचा गोळा, ओघळ किंवा जुन्या रबराचा तुकडा आहे. व्हॉल्व्हपाशी आले तर छिद्रात थर जाड झाला आहे आणि वॉशर सपाट बसत नाही. दोन्हीकडे बारीक पॉलिश पेपरने घासून भागतं. डिस्कच्या वेल्डिंगच्या रेघेतून बुडबुडे आले तर तो तडा आहे: प्रश्न ५.

२२. आधीचं पावडर कोटिंग सुटलंय. त्यावरच दुसरं मारता येईल?

घट्ट धरलेल्या जुन्या थरावर पावडर बसते, पण सुटलेल्या थराखाली गंज असतो, तेव्हा पूर्ण काढून धातूपासून सुरुवात करा. रसायनाने किंवा ब्लास्टिंगने काढा. गॅसच्या ज्योतीने जाळून काढायला देऊ नका. एका जागी लाल झालेली डिस्क वाकते आणि तिथली ताकद जाते.

२३. स्टेपनीलाही कोटिंग करावं का?

हो, आणि सर्वांत आधी. ती गाडीखाली चिखलात लटकते, वर्षानुवर्षं कोणी उतरवत नाही, आणि अनेकदा तिच्याच खाचेत सर्वाधिक गंज निघतो. कोट करून बसवल्यावर तिची हवा महिन्यातून एकदा बाकीच्या चाकांबरोबर मोजा, आणि टांगणीच्या साखळीखाली रबराचा तुकडा द्या, म्हणजे साखळी कोटिंग घासत नाही.